चिमट्यातली पिवळी बोट

लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा तिला पोहता येत होतं, एवढंच. कयाक म्हणजे काय हे तिने पहिल्यांदा पाहिलं ते सासरच्या गॅरेजमध्ये. छताला पट्ट्यांनी टांगलेली एक पिवळी प्लॅस्टिकची बोट, एका माणसापुरती, वरून बंद, मधोमध बसायला एक भोक. तिला आधी ती पाण्याची टाकीच वाटली. धाकट्या दिराने ती खाली उतरवली, वहिनीला आत बसवलं, कमरेभोवती रबरी पडदा ताणून बसवला आणि फरशीवरच उजवी-डावीकडे कलंडायला शिकवलं. सासूबाई दारात आल्या, बघितलं आणि काही न बोलता आत गेल्या. त्या न बोलण्याचा आवाज पुढे बरेच दिवस घरात येत राहिला.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. वहिनी चाळिशीला आली, पाण्यात मुरली. कयाकवाल्यांच्या त्या लहानशा गोतावळ्यात सगळे तिला वहिनीच म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. एरवी ती एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या करायची. लोकांच्या तोंडाचे साचे समोर ठेवून चिमट्याने एकेक दात मेणात बसवायचा, हे तिचं दिवसभराचं काम. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांचं नातं घरात अगदी रीतसर होतं. ती त्याला भावजी म्हणायची, तो तिला वहिनी, आणि दोन्हीकडून अहो-जाहो. बाकी नात्यात पाण्यामुळे बरंच काही बदललं, पण हे कधी बदललं नाही.

नवऱ्याला मात्र पाण्याचं वावडं. लहानपणी तळ्यात घसरून पडला होता, तेव्हापासून पाणी घोट्याच्या वर आलं की त्याचा चेहरा उतरायचा. तो छापखान्यात प्रुफं तपासायचा. प्रत्येक पानावर एक तरी चूक असतेच, ती सापडायची तेवढी बाकी असते, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो छापील पानांपुरतं ठेवत नसे. तरीही दर वेळी गाडी तोच चालवायचा. मंडळींना वर डोंगरात सोडायचं, खालच्या पुलापाशी येऊन थांबायचं आणि थर्मासमधली कॉफी पीत वाट बघायची. बायकोला नको म्हणायचं नाही आणि निर्धास्तही राहायचं नाही, असा मधला मार्ग त्याने काढला होता.

त्या दिवशी ते गेले तो ओढा तसा लहानच. कोरड्या दिवसांत बूट न भिजवता पलीकडे जाता येईल एवढा. पण वर डोंगरात चांगला पाऊस पडून गेला की दोन-चार दिवस त्यात नेमकं हवं तेवढं पाणी असायचं. कमी असेल तर बोट दगडांवर खरवडत राही आणि जास्त असेल तर आत उतरायचं नावही काढायचं नाही. बाकीच्या नद्या वाहत असतील, हा पडत पडत खाली यायचा. एक पायरी, तिच्याखाली डबकं, की लगेच दुसरी पायरी. मोठ्या खडकांच्या मागे पाणी उलटं वळून क्षणभर निवांत होतं. त्या जागेला ही मंडळी आडोसा म्हणत. एका आडोशातून निघायचं, पुढची उडी घ्यायची, दुसरा आडोसा गाठायचा. पुढचा आडोसा दिसत नसेल तर बोटीतून उतरायचं आणि काठाने चालत जाऊन बघून यायचं. यात लाज वाटून घ्यायची नाही, हे धाकट्याने तिला पहिल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं.

त्यांच्याबरोबर तिसरी होती ती डॉक्टर. म्हणजे जनावरांची. अंगाने दणकट, बोलायला फटकळ, वहिनीपेक्षा लहान पण तिची पक्की मैत्रीण. गाई-म्हशींशी दिवसभर झटापट करून तिचे दंड कुस्तीगिरासारखे झाले होते.

सकाळ छान गेली. वरच्या सगळ्या पायऱ्या तिघंही एकापाठोपाठ एक उतरले. थंड पाणी तोंडावर आपटत होतं, वल्हं दगडाला लागून खणखणत होतं, आणि प्रत्येक डबक्यात पोहोचल्यावर तिघं एकमेकांकडे वळून बघत आणि आपल्याच हेल्मेटवर हाताने थाप मारत. मी ठीक आहे, असा त्याचा अर्थ. पाण्याच्या आवाजात दुसरं बोलणं ऐकू येत नाही.

मग चिमटा आला. दोन काळे खडक एकमेकांकडे झुकलेले, त्यांच्यामधली फट दाराएवढी, आणि ओढ्याचं सगळं पाणी त्या फटीतून एक मजलाभर खाली. आजवर वहिनीने इथे दर वेळी बोट खांद्यावर घेतली होती आणि काठाने चालत खाली गेली होती. यंदा मात्र उतरायचंच असं तिने मनाशी घेतलं होतं. कोणाला तसं बोलली नव्हती, पण त्या आठवड्यात लॅबमध्ये एका आजोबांची कवळी तिने दोनदा बिघडवली होती आणि साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं होतं.

खडकावर उभं राहून तिने बराच वेळ खाली पाहिलं. पाणी नेहमीसारखंच होतं. पण फटीच्या तळाशी पाणी जसं उसळायला हवं तसं उसळत नव्हतं, असं तिला वाटलं. खात्री नव्हती. भीतीने असं दिसतंय की खरंच तसं आहे, हे तिला ठरवता येईना.

"आज नको," ती म्हणाली.

धाकट्याने मान डोलावली. त्याने कारण विचारलं नाही आणि चेष्टाही केली नाही. वहिनीला इतकं हलकं वाटलं की आठवडाभर आपण हे ओझं कशाला वाहिलं, असंच तिला झालं. तिने अडकलेल्याकडे फेकायच्या दोरीची पिशवी घेतली आणि फटीच्या कडेच्या खडकावर जागा धरली. तळाच्या पाण्याबद्दलची शंका तिने त्याला सांगितली. त्याने परत एकदा वाकून पाहिलं आणि मला तर ठीक वाटतंय म्हणाला. तो ही फट कितीतरी वेळा उतरला होता. तो आधी जाणार, डॉक्टर त्याच्यानंतर, आणि तोवर डॉक्टरने वरच्या आडोशात बोट धरून बसायचं, असं ठरलं.

धाकटा आला तो अगदी बरोबर आला. रेषा बरोबर, वेग बरोबर, कडेवरचा वल्ह्याचा शेवटचा फटकाही बरोबर. पिवळी बोट फटीत शिरली, नाक खाली गेलं आणि ती तिथेच थांबली.

खाली पुरात वाहून आलेला एक ओंडका फसला होता. वरून तो दिसणं शक्यच नव्हतं. बोटीचं नाक त्याच्याखाली घुसलं आणि बोट जवळजवळ उभी अडकली, शेपूट वर, नाक खाली. सगळा ओढा धाकट्याच्या पाठीवर कोसळू लागला आणि त्याने धाकट्याला पुढे, बोटीच्या टपावर आडवं दाबून धरलं. वल्हं सुटून गेलं. वहिनीला वरून नुसतं पांढरं पाणी दिसत होतं आणि त्यात मधूनच लाल हेल्मेटचा एक तुकडा.

तिने शिट्टी फुंकली, परत परत फुंकली. मग पाण्यातून एक हात वर आला. बोटं उघडमीट करत होती.

"दोरी घे! अरे, हात वरच ठेव!" ती ओरडली. आत त्याला काही ऐकू येत नसणार, हे तिला तेव्हाही कळत होतं.

तिने दोरी फेकली. पाण्याने ती बाजूला ओढून नेली. पिशवी परत भरायला वेळ नव्हता, म्हणून तिने दोरी भराभर ओढून घेतली, हातात गुंडाळ्या धरल्या, खडकावर गुडघा टेकला आणि या वेळी हाताकडे न फेकता वरच्या पाण्यात टाकली. पाण्यानेच ती वाहत खाली नेली आणि त्याच्या मनगटावर आणून घातली. बोटं मिटली.

दोरीला ताण आला तसं हेल्मेट थोडं वर आलं. पाणी आता त्याच्या डोक्यावर आपटून दुभंगत होतं आणि तोंडापुढे पाण्याच्या पडद्याआड थोडी पोकळी तयार झाली होती. त्या पोकळीत तो श्वास घेत असणार, असं ती धरून चालली. दुसरं काही धरून चालण्यात अर्थ नव्हता. पण हे वजन ती फार वेळ पेलू शकणार नव्हती. तिच्यामागे खडकाच्या भेगेत एक जाड बुंध्याचं झाड होतं. ताण न सोडता ती तसूतसूने मागे सरकली, दोरीचे दोन वेढे बुंध्याला मारले आणि गाठ दिली.

तेवढ्यात डॉक्टर दगडांवरून धडपडत येऊन पोहोचली. तिने एकदा खाली पाहिलं आणि विचारलं, "श्वास?"

"घेतोय. हात हलतोय."

पुढे काय करायचं याची चर्चा दोघींनी केलीच नाही. धाकट्याला वर ओढून काढणं शक्य नव्हतं. त्याचे पाय बोटीत होते आणि वर सगळा ओढा होता. बोटच मागे खेचायला हवी होती. बोटीच्या शेपटीला दोरीचा एक फास असतो, तो फटीच्या कडेला, पाण्याच्या जरा वर दिसत होता. तिथवर पोहोचायला खडकावर तळव्याएवढा एक बुळबुळीत कंगोरा होता. डॉक्टर जड, वहिनी हलकी. डॉक्टरने आपली दोरी वहिनीच्या लाइफ जॅकेटला अडकवली, दोन्ही पाय खडकाला रोवून बसली आणि म्हणाली, "जा, मी धरलंय."

वहिनी भिंतीला पोट लावून खाली उतरली. पाणी तिच्या गुडघ्यांना घासून जात होतं आणि पाय उचलला की घेऊनच जाईल असं वाटत होतं. ती लॅबमध्ये बसते तशी बसली, म्हणजे बसली नाही, पण मनाने तशी झाली. डोळ्यांसमोर फक्त तो फास, दुसरं काही नाही. हातात डॉक्टरच्याच दोरीच्या दुसऱ्या टोकाची कडी. पहिल्यांदा कडी फासाला लागून निसटली. दुसऱ्यांदा बसली. ती बसल्याचा छोटासा टक्क आवाज तिला त्या सगळ्या गदारोळात ऐकू आला, असं ती अजून सांगते. डॉक्टरचं म्हणणं, ते शक्यच नाही.

वर येऊन दोघींनी ती दोरी ओढली. बोट हलली नाही. परत ओढली. नाही. डॉक्टर म्हणाली की वासरू अडलं की सरळ ओढून उपयोग नसतो, जरा तिरकं घ्यावं लागतं. दोघी ओढ्याच्या वरच्या अंगाला चार दगड ओलांडून गेल्या, दोरी तिथून तिरकी धरली आणि दोघींनी मिळून अंग मागे टाकलं. आधी काहीच नाही. मग बोटीतून एक करकर आवाज आला, शेपूट कलली, आणि सगळं एकदम सैल पडलं. दोघी पाठीवर आपटल्या. बोटीच्या शेपटीचा फास तुटला होता.

वहिनी उठून कडेला पोचेपर्यंत फटीत फक्त पाणी होतं. बोट नव्हती, हेल्मेट नव्हतं. झाडाला बांधलेली दोरी सैल होऊन पाण्यावर नाचत होती.

तिने ती दोरी ओढून पाहिली, टोकाला कोणी नव्हतं.

मग डॉक्टरने तिच्या दंडाला धरून तिला वळवलं आणि हाताने खाली दाखवलं. खालच्या डबक्याच्या कडेला, त्यांच्याच काठाला, धाकटा चार पायांवर वाळूत चढत होता. चढला, पालथा पडला, थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने मान न उचलता हात वर केला आणि हेल्मेटवर थाप मारली.

डॉक्टर मटकन खाली बसली आणि हसायला लागली. वहिनीही हसू लागली. खाली उतरायची वाट सोपी होती, तरी ती बरीचशी बसूनच उतरली.

धाकट्याचा एक बूट गेला होता, ओठ निळे पडले होते आणि उजवा अंगठा भलत्याच दिशेला होता. दोरी मनगटाला गुंडाळली गेली तेव्हा तो निखळला होता. डॉक्टरने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. कुत्र्यांना अंगठा असून नसल्यासारखाच, त्यामुळे मला अनुभव कमी आहे, असं म्हणून तिने तो ओढायचा विचार सोडला आणि रुमालाने बांधून टाकला. वहिनीने बोटीतून आपलं कोरडं जॅकेट आणून त्याच्या अंगावर घातलं आणि त्याचे खांदे चोळत राहिली.

"आत काहीच ऐकू येत नव्हतं," धाकटा म्हणाला. "तुम्ही मला पाहिलंय की नाही, तेच कळत नव्हतं. मग दोरी हाताला लागली. तेव्हा मी घाई करायचं सोडून दिलं. म्हटलं, आता वहिनी बघून घेतील."

डॉक्टर म्हणाली, मी धावत येत होते तेव्हा तुझी वहिनी तुला अरे-तुरे करत होती, ते ऐकायला हवं होतंस. यावर तो इतका मनापासून हसला की त्याला ठसका लागला, आणि वहिनी त्या थंडीतही लाजली.

उरलेल्या दोन बोटी त्यांनी झाडाला बांधून ठेवल्या. उद्या येऊन नेता आल्या असत्या. खाली अजून बऱ्याच पायऱ्या होत्या, पण त्यांचं नाव कोणी काढलं नाही. काठाकाठाने जाणारी पायवाट होती, तिने ते पुलाच्या दिशेने निघाले. धाकट्याची पिवळी बोट मात्र केव्हाच पाण्याबरोबर पुढे गेली होती, आणि ती कुठे जाईल, कोणाला दिसेल, याचा विचार त्या धांदलीत तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात आला नाही.

अर्ध्या वाटेवर त्यांना हाका ऐकू आल्या. "बारक्या! ए बारक्या!" धाकट्याचं हे लहानपणचं नाव, घरात आता कोणी वापरत नसे. पुढे डॉक्टर होती, तिच्यामागे वहिनी, आणि धाकटा एका बुटावर लंगडत वळणापलीकडे मागे राहिला होता. समोरून झाडीतून नवरा आला. छातीपर्यंत ओला, चष्मा नाही, पँटला चिखल. त्याने डॉक्टरला पाहिलं, बायकोला पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

वहिनीच्या लक्षात आलं. "मागे आहेत ते," ती चटकन म्हणाली. "येताहेत. पायाने चालत येताहेत."

तरी तो तसाच उभा राहिला, वळणाकडे बघत. धाकटा लंगडत वळणावर आला, भावाला बघून थांबला आणि त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "दादा, बोट मिळाली का?"

नवरा वाटेतच खाली बसला. त्याने तोंडावर दोन्ही हात ठेवले आणि त्याचे खांदे हलू लागले. वहिनी त्याच्या शेजारी चिखलात बसली. त्याच्या ओल्या पाठीवर हात फिरवताना तिला कळलं की हा माणूस कमरेच्या वर पाण्यात गेला होता.

थोडं सावरल्यावर त्याने तुटक तुटक सांगितलं. तो पुलावर उभा होता. पिवळी बोट उलटी होऊन येताना त्याला दिसली. पुलाखाली ओढा पसरट होतो, तिथे ती दगडाला अडली. तिच्याखाली कोणी लोंबकळत असेल असं त्याला वाटलं. मग पाण्यात कसा उतरलो ते आठवत नाही, म्हणाला. बोट उलथवली, तर आत फक्त एक बूट. चष्मा तिथेच कुठेतरी गेला. मग तो पळत सुटला.

एवढं सांगून आणि वहिनीकडून चिमट्यातली सगळी हकीकत ऐकून झाल्यावर त्याला राग यायला लागला, आणि सगळ्यांनाच बरं वाटलं, कारण रागावलेला तो ओळखीचा होता. चिमट्याच्या खाली आधी कोणी उभं का राहिलं नाही, हे त्याने विचारलं. बायकोला पाणी वेगळं दिसत होतं तर तिचं का ऐकलं नाही, हे धाकट्याला विचारलं. प्रश्न बरोबर होते. धाकट्याने बांधलेला हात भावाच्या खांद्यावर टाकला, आणि नवरा बोलत बोलतच त्याला आधार देत चालू लागला. पुलापर्यंत तो बोलतच होता. गाडी मात्र वहिनीने चालवली, कारण त्याला समोरचं झाड दिसत नव्हतं.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर ते ओळीने बसले होते. अंगठा बसवून झाला होता, छातीचा एक्स-रे झाला होता, फुप्फुसं स्वच्छ होती. डॉक्टर निघून गेली होती, एका घोड्याचा पाय दुखत होता म्हणून. गोळी घेतल्यावर धाकटा बसल्या जागी घोरायला लागला. नवरा आईशी फोनवर बोलत होता आणि तिला खरं तेच पण थोडं थोडं करून सांगत होता.

तेवढ्यात धाकट्याची बायको आली. म्हणजे वहिनीची जाऊ. ती ग्रंथालयात कामाला होती, तिथूनच तशीच निघाली होती, गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा काढलं नव्हतं. तिने आधी झोपलेल्या नवऱ्याकडे नीट पाहिलं, बांधलेल्या हाताकडे पाहिलं, त्याच्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं. मग ती वहिनीसमोर येऊन उभी राहिली. आता ही काय म्हणते म्हणून वहिनीने जीव मुठीत धरला. या ओढ्याकाठच्या उचापतींवरून दोघींची आजवर दोन-तीनदा तरी वाजली होती.

"ताई, तुम्ही होतात ना तिथे?" जावेने विचारलं.

"होते."

"संपूर्ण वेळ?"

"संपूर्ण वेळ."

जाऊ तिच्या शेजारी बसली. पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून तिने तो फोडला आणि पुढे केला. वहिनीला सकाळपासून काही खाल्लं नसल्याची आठवण तेव्हा झाली. तिने एक घेतलं, मग आणखी एक. बाकाच्या टोकाला धाकटा मोठ्याने घोरला, समोरची नर्स वळून बघायला लागली, आणि जावेने खालच्या आवाजात सांगितलं की हे रोजचंच आहे, घरी याहून मोठ्याने घोरतात.